जड हाताची अंजू

देवळीच्या किसनरावांच्या बैठकीत त्या दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांना पोरं लटकलेली, दारात चपलांचा ढीग आणि मधोमध पाटावर हार घालून बसवलेला घरचा जुना कॉम्प्युटर. त्याच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढलं होतं आणि समोर कूलर गार वारा ओतत होता. शेजारी भगव्या कफनीत बसले होते साक्षात यंत्रेश्वर महाराज, मुक्काम हिमालय!

"ॐ रॅमाय नमः! ॐ मदरबोर्डाय नमः! निकल व्हायरस-पिशाच, निकल!" महाराजांनी डब्यात फुंकर मारली आणि किसनरावांच्या मुलाला, प्रफुलला, हुकूम सोडला, "चलाव बेटा!"

प्रफुलने गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावला. उन्हाळाभर रखडणारी लाल गाडी अशी सुसाट सुटली की शेजारच्या पंचफुलाबाईंनी हातच जोडले. "माय वं! हे तं उडूनच राह्यली!"

"अब देखो," महाराज म्हणाले. त्यांनी झाकण लावलं, वर भरतकामाचं कव्हर चढवलं, मंत्रात व्यत्यय नको म्हणून कूलर बंद करवला आणि खेळ तसाच चालू ठेवून लांबलचक आरती म्हटली. घामाघूम मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मग प्रफुलच्या धाकट्या बहिणीला, अंजूला, बसवलं. गाडी चिखलातल्या बैलबंडीसारखी अडत-अडत चालू लागली.

"पोरीचा हात जड है!" महाराज गरजले. "हिनं हात लावला का यंत्र मरते!"

किसनरावांचा चेहरा उतरला. दहावीनंतर पॉलिटेक्निकात कॉम्प्युटर शिकायचं, हे अंजूने कधीचं ठरवलं होतं. रात्री जेवताना ते म्हणाले, "बाई, मशिनच बंद पाडशीन तं शिकशीन काय? शिवणक्लास लाव."

अंजू रडली. पण रडून झाल्यावर तिला राग आला, आणि तिचं डोकं रागातच चांगलं चालायचं. सकाळचा गार वेळ प्रफुलचा. तिची पाळी यायची ती भांडी घासून झाल्यावर, मे महिन्याच्या भर दुपारी. दुसऱ्या दिवशी तिने डब्याच्या मागे हात धरला. चटकाच बसला! तिला लहानूमामाचा ट्रॅक्टर आठवला. मळणीच्या दिवसात रेडिएटरच्या जाळीत कुटार, म्हणजे उडता भुसा, अडकलं की इंजिन तापायचं, मग मामा आधी जाळी साफ करायचा. ट्रॅक्टरला कोणी भगत बोलावत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी महाराज अंजूच्या जड हातावर उतारा करायला आले. गर्दी दुप्पट झाली. कव्हर चढवलेलं, कूलर बंद आणि खेळ सकाळपासून चालू, अशी अंजूने जय्यत तयारी ठेवली होती.

"महाराज, तुमचा हात तं हलका आहे ना?" ती गोड आवाजात म्हणाली. "मंग तुमीच चालवा गाडी."

"साधू लोग खेलते नहीं."

"बसा ना महाराज! बसा!" खिडकीतली पोरं किंचाळली. महाराज बसले. लाल गाडी अडली, पुढे सरकली, पुन्हा अडली. पोरं एका सुरात ओरडली, "जड हात! जड हात!"

अंजूने बटण बंद केलं, वायर काढली, झाकण उघडलं आणि आतल्या पंख्याखालून बोटांनी एक करडा गोळा ओढून काढला. गादीतून निघावा तसा!

"समोर कापसाची जिनिंग आहे. तिथली उडती रुई हा पंखा आत ओढते. जाळी बुजली का आतली चिप तापते, अन् जळू नाई म्हणून आपलीच चाल कमी करते. महाराजायनं झाकण काढून कूलर लावला तं थंड झाली, झाकून ठेवला तं तापली. माह्या हाताचा काय संबंध?"

"ए पोरी!" महाराजांचा पारा चढला. "दहा साल नागपूरले हेच रिपेर केलं म्या! तू मले शिकवतं?"

बैठकीतल्या सगळ्या माना महाराजांकडे वळल्या.

"मंग हिमालयात कवा गेलते, महाराज?" किसनरावांनी विचारलं.

महाराजांनी झोळी उचलली. घाईत ते प्रफुलच्या चपला घालून पळाले!

अंजूने झाकण लावलं, वायर जोडली, कूलर बंदच ठेवला आणि स्वतः खेळायला बसली. गाडी सुसाट सुटली. पोरं नाचली, किसनराव हसता-हसता डोळे पुसू लागले. "चुकलो वं बाई. पॉलिटेक्निकातच जाजो."

यात अंजूने जगावेगळं काही केलं नव्हतं. गाडी कधी रखडते आणि कधी पळते एवढं पाहिलं, आणि झाकण उघडलं. माणसाला दोष लावण्याआधी एवढं तर कुणालाही करता येतं. मग आपण ते का करत नाही?

सगळे हसत असताना पंचफुलाबाईंना मात्र आपली सून आठवली. गाय आटली तेव्हा याच महाराजाने त्यांच्या सुनेचा हात जड ठरवला होता, आणि तेव्हापासून त्या तिला गोठ्यात पाय ठेवू देत नव्हत्या. त्या उठल्या, अंगणाच्या भिंतीपाशी गेल्या आणि पलीकडे हाक मारली, "नंदिनी, माय, आज गायीले चारा तूच टाकजो."