तिसऱ्या दिवसाचं रक्त

सुईताईंना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, तरी हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा त्या एका पायावर तयार झाल्या. एकतीस वर्षांपूर्वी हार्ट अटॅकच्या रुग्णांचं रक्त काढून त्यांनीच नळ्यांत भरलं होतं. इतकी वर्षं शीतपेटीत गोठून राहिलेल्या त्या रक्तात आता ट्रोपोनिन मोजायचं होतं. हृदयाचा स्नायू किती मेला हे सांगणारी ही तपासणी तेव्हा इथे नव्हतीच. पण नळ्यांवरचं अक्षर कुणाला लागेना.

"तुमचंच ना हे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कोंबडीचे पाय दिसतायत म्हणजे माझंच."

हातमोजे घालून ताई एकेक चिठ्ठी वाचायला लागल्या आणि वॉर्ड डोळ्यांपुढे उभा राहिला. उंच खिडक्या, एका चाकाने कुरकुरणारी ट्रॉली, हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या एन्झाइमचा आकडा यायला लागणारा अर्धा दिवस. सुई बघताच देवाचा धावा करणारा पोस्टमन. चिठ्ठीवरचं शुद्धलेखन तपासणारे मास्तर. मग एका नळीवर त्यांचा हात थबकला.

रेडिओ दुरुस्त करणारा. पलंगावर बसून त्याने वॉर्डातला मुका रेडिओ दोन दिवसांत बोलता केला होता. सगळे पेशंट गाणी ऐकत पडायचे, आणि मोठ्या सिस्टर नको नको म्हणत स्वतःच गुणगुणायच्या. त्याच्या बायकोला ताई म्हणाल्या होत्या, "आकडा अगदी कमी आहे हो. किरकोळ अटॅक. निश्चिंत घरी जा." बायको घरी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो वारला. नंतर व्हरांड्यात ती ताईंकडे नुसती बघत राहिली, एक शब्द बोलली नाही. तिची गल्ली ताईंनी तेव्हापासून टाळली होती.

आठवड्याने निकाल आले. ताईंनी न राहवून तेवढा एक आकडा विचारला.

"खूप जास्त आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा माणूस दुखायला लागल्यापासून तिसऱ्या दिवशी आला होता. तुम्ही मोजायचात ते एन्झाइम तोवर खाली येतं. ट्रोपोनिन मात्र आठवडाभर रेंगाळतं. अटॅक मोठा होता, ताई. तुमच्या यंत्राला दिसला नाही, एवढंच."

ताईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. हे त्याच्या बायकोला सांगायलाच हवं, असं ठरवून त्या थेट त्या गल्लीत गेल्या. दार तिनेच उघडलं. केस पांढरेशुभ्र, पण नजर तीच.

"अगंबाई, रक्तवाल्या ताई! या, आत या."

ताईंनी चहाला नको म्हटलं आणि मनातली जुळवाजुळव सुरू केली. "तुम्हाला आठवतं का, तेव्हा मी म्हणाले होते की आकडा..."

"आठवतं म्हणजे?" तिने ताईंचा हात धरला. "त्या वाक्यावर तर मी आजवर तग धरलाय. छातीत दुखतंय असं ते सांगत होते, तर मीच म्हटलं, पित्त असेल. दोन दिवस घरी ठेवलं त्यांना. पुढे जो तो म्हणायचा, उशीर केलात. पण मला ठाऊक होतं ना, आकडा कमी होता! म्हणजे माझ्या उशिराने काही बिघडलं नव्हतं. त्या दिवशी व्हरांड्यात तुमचे आभारच मानायचे होते. तोंडातून शब्द फुटला नाही."

जे सांगायला ताई आल्या होत्या ते आता सांगितलं, तर स्वतः मोकळ्या होणार होत्या आणि ही बाई या वयात आपल्या उशिराच्या ओझ्याखाली दबणार होती.

"बोला ना, काय म्हणत होतात?"

"काही नाही," ताई म्हणाल्या. "तेच म्हणत होते. आकडा कमी होता."

मग त्यांनी चहा मागून घेतला. मोठ्या सिस्टर कशा चोरून गुणगुणायच्या ते त्यांनी साभिनय सांगितलं. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं हो! आणखी सांगा."

ताई आठवून आठवून सांगत राहिल्या.