फाटक्या पंखाचा फोटो

मी एक म्हातारा कॅमेरा आहे. म्हातारा म्हटलेलं मला चालतं, निकामी म्हणाल तर मात्र ऐकून घेणार नाही. माझ्या मुठीवरचं रबर सोलवटलंय, बॅटरीचं झाकण रबरबँड लावून बसवलंय. पण डोळा शाबूत आहे.

मी नवाकोरा आलो तो एका फोटो स्टुडिओत. मालक हसतमुख, जाडजूड आणि कायम घाईत. दिवसा पासपोर्टचे फोटो, संध्याकाळी लग्नं. माणसं माझ्यासमोर बसली की आधी पोट आत घेतात, मग श्वास कोंडतात आणि मग विचारतात, "हसू का?"

"नको, सरकारी कामाचा आहे," मालक म्हणायचा.

मी टिपलेलं सगळं आतल्या खोलीत ताईकडे जायचं. ताई म्हणजे मालकाची थोरली बहीण. कॉम्प्युटरसमोर बसून ती लोकांचे चेहरे साफ करायची. तीळ गेले, व्रण गेले, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. तिच्या स्वतःच्या गालावर मात्र लहानपणी भाजल्याची खूण होती, कानापासून थेट हनुवटीपर्यंत. भिंतीवर तिचा विशीतला फोटो टांगलेला होता. वडिलांनी काढलेला आणि त्यांनीच ब्रशने दुरुस्त केलेला. त्यात गाल अगदी गुळगुळीत. गिऱ्हाइकं विचारायची, "ही कोण हो?"

"होती एक," ताई म्हणायची आणि पुढचा चेहरा उघडायची.

एका लग्नात धक्काबुक्की झाली आणि मी पायऱ्यांवरून गडगडत खाली आलो. मालकाने नवा कॅमेरा घेतला. मला तुटक्या वायरींबरोबर खणात कोंबलं, वर म्हणाला, "याचं आता काही खरं नाही." मी आतून ओरडत होतो, अरे बाबा, मला एकदा चालू तरी करून बघ! पण कॅमेऱ्याचं ओरडणं कोणाला ऐकू जाणार?

खण उघडला ताईने. वायर शोधत होती, हाताला मी लागलो. तिने बॅटरी घातली, माझा दिवा लागला तशी ती हसली. आजवर तिने एकही फोटो काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला दागिन्यांचे फोटो काढायची लेन्स लावली आणि पाण्याच्या टाकीमागे नेलं. तिथल्या गळक्या पाइपाने एक डबकं झालं होतं, भोवती गवत वाढलेलं. त्यावर चतुर उडत होते. लाल, पिवळे, निळे. चतुरांच्याच जातीतल्या, काडीसारख्या बारीक टाचण्याही होत्या.

सांगायला लाज नाही, आमची पहिली सकाळ पूर्ण फुकट गेली. ताई जवळ गेली की चतुर उडून जायचा. माझ्यात उरायची नुसती काडी. एका फोटोत अर्धं शेपूट आलं, तर तिने ते असं निरखलं, जणू वाघ सापडला. पण ती हटली नाही. हळूहळू तिच्या लक्षात आलं, लाल चतुर उडतो खरा, पण फिरून त्याच काडीवर येऊन बसतो. मग ती त्याच्यामागे धावायची थांबली. चिखलात पालथी पडली, कोपरं रोवली आणि मला काडीसमोर धरून वाट पाहू लागली.

टाकीचा वॉचमन धावत आला. "अहो बाई, बरं वाटत नाही का? काय हरवलंय?"

"काही हरवलं नाही. हळू बोला."

"मग अशा का पडलाय?"

"हा खाली बसलाय म्हणून."

वॉचमनने वाकून काडीकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं आणि डोकं खाजवत निघून गेला. आठवड्याभरात मात्र तोच फाटकापाशी सांगू लागला, "ताई, तुमचा लाल आलाय बरं का."

त्या दिवसांत मी काय काय पाहिलं! उडी मारायच्या बेतात असलेला एक कोळी वळून थेट माझ्या डोळ्यांत बघत राहिला. हसू का, असं त्याने विचारलं नाही. गोगलगायीने तिच्या वेळाने पान ओलांडलं, आम्ही आमचं थांबलो. आणि एका सकाळी लाल चतुर काडीवर येऊन बसला, ऊन त्याच्या पंखांतून आरपार गेलं. एक पंख टोकाशी फाटलेला होता. पक्ष्याने पकडला असेल, निसटला असेल. तरी ऐटीत बसला होता. ताईने श्वास रोखला. मी टिपला.

तो फोटो मालकाने पाहिला आणि उडालाच. "ताई, हा तू काढलास? या डब्यातून?" डबा म्हणाला, मी ऐकलं.

समोरच्या लॉजच्या मालकालाही तो आवडला. स्वागतकक्षात लावायला त्याला मोठा करून हवा होता. "झकास आहे हो. फक्त तेवढा पंख नीट करा. पाहुण्यांना फाटकं दिसायला नको."

"करून देते ना ताई, दोन मिनिटांचं काम," मालकाने परस्पर कबूल केलं.

"नाही करणार," ताई म्हणाली.

लॉजवाला ओशाळून निघून गेला. मालक भडकला. "जन्मभर माणसांची तोंडं पुसलीस, आणि एका किड्याचा पंख जड झाला?"

"माणसं सांगायची, पुसा म्हणून. याने सांगितलंय का?" ताईचा आवाज चढला. "आणि मला तरी विचारलं होतं का कोणी?"

ती स्टुलावर चढली आणि भिंतीवरचा तो गुळगुळीत गाल खाली उतरवला. मालक म्हणाला, "मग कॅमेरा ठेव इथेच. तो स्टुडिओचा आहे."

"खणात पडला होता तेव्हा कोणाचा होता?"

माझा पट्टा गळ्यात अडकवून ती बाहेर पडली. खरं सांगतो, इतकी लग्नं पाहिली, पण असा मान मला कोणी दिला नव्हता.

चार दिवस दोघं वेगवेगळी जेवली. पाचव्या दिवशी मालकाने स्वतःच हातोडी घेतली आणि रिकाम्या खिळ्याशेजारी दुसरा, मोठा खिळा ठोकला. "चौकट जड आहे," एवढंच म्हणाला. त्यावर आता लाल चतुर आहे, फाटक्या पंखासकट. लॉजवाल्याने आपल्या भिंतीवर धबधबा लावलाय म्हणे. लावू दे.

ताई अजून चेहरे साफ करते, पण आधी प्रत्येकाला विचारते, "हे ठेवायचं की काढायचं?" त्यात वेळ जातो, मालक कुरकुरतो. काही जण ठेवा म्हणतात, बरेच जण काढा म्हणतात. तो ज्याचा त्याचा चेहरा.

मला ठाऊक आहे, एक दिवस माझा दिवा लागणार नाही. त्या दिवसाची वाट बघत मी खणात पडून राहणार नाही. आज सकाळी टाकीमागे एक निळी टाचणी पाण्यातून वर येऊन नुकतीच कात टाकून बसली आहे. तिचे पंख अजून ओले आहेत आणि ताई कोपरं रोवून चिखलात पालथी आहे. तुम्हाला यायचं असेल तर खुशाल या, वाका, हवं तर शेजारी आडवे व्हा. फक्त उन्हाच्या बाजूने येऊ नका, तिच्या ओल्या पंखांवर तुमची सावली पडेल.