तानुबाईचे तीन एकर

तानुबाई पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी आली तेव्हा मी तिला हाकलूनच देणार होतो. दुपारचे दोन वाजले होते, डबा उघडून पहिला घास मोडला होता, आणि ही बाई समोर उभी राहून म्हणते, "निवृत्तीभाऊ, मले मरणाचा कागद करायचा हाये."

"त्याच्यासाठी आधी मरा लागते, बाई," मी म्हटलं.

आजूबाजूचे चार लोक हसले. तीही हसली. बहात्तर वर्षांची, आंबाखेडहून एसटीत उभ्यानं आलेली, आणि वर माझ्या टोमण्यावर हसते. मग मात्र मला डबा झाकावाच लागला.

संग्रामपूरच्या तहसीलसमोर, कडुलिंबाखाली टेबल टाकून, मी चौतीस वर्षं अर्जनवीस आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्र, वाटणीपत्र, खरेदीखत, मृत्युपत्र, जे म्हणाल ते. वकील कोर्टात भांडतो, पण ज्या कागदावर भांडतो तो आम्ही लिहिलेला असतो. याचा मला भारी माज होता. "निवृत्तीच्या हातचा कागद पडत नाही" असं लोक म्हणायचे, आणि कोणी म्हटलं नाही तर मी स्वतःच म्हणून घ्यायचो.

तानुबाईचं म्हणणं सरळ होतं. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. एकच लेक, छकुली, तीही गेलेली, तिच्या मागं कोणी नाही. तिच्या नावावर सडकेला लागून तीन एकर ओलिताचं वावर होतं, विहिरीसकट, आणि गावात एक घर. घर पुतण्या हरिओमला. वावर पुष्पाबाईच्या गाडीला.

पुष्पाबाई म्हणजे आमच्याकडच्या रिटायर झालेल्या सिस्टर. चार लोकांना धरून त्यांनी डोंगरपायथा रुग्णसेवा मंडळ काढलं, लोकवर्गणीतून एक जुनी रुग्णवाहिका घेतली. गाडी एक आणि सातपुड्याच्या पायथ्याची गावं चाळीस. एका गावाला गेली की दुसरं गाव वाट पाहत बसणार.

"माह्या छकुलीचं बाळंतपण होतं," तानुबाईनं सांगितलं. "रक्त थांबेना. गाडी दुसऱ्या गावाले गेलती. आमी तिले मालाच्या ऑटोत टाकलं. अर्ध्या रस्त्यात मले म्हणे, माय, थंडी वाजून राह्यली. मे महिना होता, भाऊ. मले तवाच समजलं."

मी पेनचं टोपण काढलं.

"माह्या वावराच्या पिकावर आंबाखेडले एक गाडी उभी राहीन. आपली. दुसऱ्याची वाट पाहायची नाही. मंग मी सुखानं मरीन. गाडीवर माहं नाव बी नको."

"हरिओमले सांगतलं?"

"येडा हाये का तू? मी त्याच्या चुलीवर जेवतो. त्याले समजलं तर ताट बंद होईन."

म्हणून तिनं हात जोडून सांगितलं की रजिस्ट्री नको, गाजावाजा नको. हरिओमची उठबस सगळी रजिस्ट्री ऑफिसातल्या कारकुनांत. मृत्युपत्राला रजिस्ट्रीची सक्ती नाही, स्टॅम्पही लागत नाही, साध्या कागदावर चालतं, हे मी तिला ऐटीत समजावलं. लागतात ते फक्त दोन साक्षीदार. आणि त्या दोघांनी तिचा अंगठा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला पाहिजे, किंवा निदान तिच्या तोंडून ऐकलेलं पाहिजे की हो, हा माझा आहे. हे मला झोपेतून उठवलं असतं तरी पाठ होतं.

आता माझी कामाची रीत सांगतो, म्हणजे माझी अक्कल कळेल. माझे साक्षीदार ठरलेले दोन. एक चहावाले अब्दुल गनी आणि दुसरा झेरॉक्सवाला दीपक. दुपारी दोघांकडे गर्दी. दर वेळी त्यांना उठवायचं, ते येणार, पक्षकार ताटकळणार, कोण करतं एवढं? म्हणून मी रोज सकाळी पाचसहा कोऱ्या कागदांच्या तळाशी दोघांच्या सह्या घेऊन ठेवायचो. वर मजकूर नंतर. आमच्या लिंबाखालचे सगळेच असं करतात. साध्या अर्जाला कोण विचारतं साक्षीदार होता की नव्हता? चौतीस वर्षांत एकानंही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी गनीभाई होते. चहा घेऊन आले, तानुबाईला "खाला, बैठो" म्हणून खुर्ची दिली, तिनं अंगठा दिला तो त्यांनी पाहिला. दीपक नव्हता. झेरॉक्स मशीनचा पार्ट आणायला सकाळीच खामगावला गेला होता. त्याची सही आदल्या दिवसाच्या कागदावर तयार होती. मी त्याच कागदावर मृत्युपत्र उतरवलं, तारीख टाकली, घडी करून बाईच्या हातात दिलं. तिनं ते पिशवीत, पिशवी कमरेला, आणि माझ्या टेबलाला हात लावून नमस्कार केला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

पुढच्या वर्षी श्रावणात गनीभाई गेले. चहा गाळता गाळता बसले ते बसलेच. आठवड्यानं तानुबाई हजर.

"साक्षीदार गेला म्हणते. माहा कागद मेला का, भाऊ?"

"एक साक्षीदार जिवंत असला की भागते, बाई."

हे कायद्यानं खरं होतं. पण जिवंत होता तो दीपक, आणि दीपकनं काहीच पाहिलेलं नव्हतं.

"तरी बी नवा करू ना," ती म्हणाली. "मी अंगठा घेऊनच आली." आणि स्वतःच्याच विनोदावर हसली.

अर्ध्या तासाचं काम होतं. दोन माणसं बोलवायची, समोर उभी करायची, झालं. पण नवा कागद करायचा म्हणजे जुन्यात खोट होती हे कबूल करायचं. चार लोक ऐकत होते. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? मला रागच आला. कोणाचा, ते तेव्हा कळलं नाही.

"माह्या कागदावर भरोसा नसन तर जा ना वकिलाकडे!" मी खेकसलो. "निवृत्तीचा कागद आजपर्यंत पडला का? कोनाले बी विचार!"

तिचा चेहरा एवढासा झाला. "नाई रे बाप्पा, रागावू नको," ती म्हणाली. "म्हातारीचं डोस्कं. चुकली मी." आणि चुकली म्हणत म्हणत स्टँडकडे गेली. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी बाई माझी माफी मागून गेली, आणि मी ती मागू दिली.

सोयाबीन निघालं की बोलावून गुपचूप नवा करू, असं मी मनाशी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण मरण काय सोयाबीनसाठी थांबतं?

एकोणीस दिवसांनी तिला ताप भरला. दुसऱ्या दिवशी पुष्पाबाई स्वतः गेल्या, घरीच सलाईन लावून आल्या. तिसऱ्या दिवशी बाई बेशुद्ध. गाडी डोंगरातल्या एका गावाला गेलेली. शेवटी हरिओमनं आणि शेजारच्यानं तिला मोटारसायकलवर दोघांच्या मधात बसवलं, पदरानं हरिओमच्या पाठीला बांधलं आणि निघाले. दवाखान्याच्या दारात गाठ सोडली तेव्हा ती थंड पडली होती.

तेरवी झाली आणि सलाईन लावायला गेल्या तेव्हा तानुबाईनं हाती दिलेला कागद घेऊन पुष्पाबाई तलाठ्याकडे गेल्या. हरिओमनं आडवा अर्ज टाकला. प्रकरण दिवाणी कोर्टात गेलं.

साक्षीच्या आदल्या दिवशी दीपक माझ्याकडे आला. पोराची पाचावर धारण बसलेली. "काका, हरिओमच्या वकिलापाशी माहं खामगावच्या दुकानाचं बिल हाये. त्याच तारखेचं. मी कसं म्हनू की मी इथं होतो? जेलात जाऊ का?"

"खरं सांग," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? त्याला दोन लेकरं.

त्यानं खरं सांगितलं. सही माझी आहे, कोऱ्या कागदावर केली, बाईला अंगठा देताना पाहिलं नाही. मृत्युपत्र तिथंच मेलं. अंगठा पाहणारा एकच, तोही कबरीत, म्हणजे दोन साक्षीदार कधी नव्हतेच. जज काय करणार?

पण हरिओमच्या वकिलाला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. तो म्हणाला, साक्षीदार गावात नव्हता म्हणजे तारीखच खोटी आहे. हा कागद वर्षापूर्वीचा नाहीच. बाई बेशुद्ध पडली असताना सलाईनच्या निमित्तानं या पुष्पाबाईनं तिचा अंगठा उमटवून घेतला. भर कोर्टात बोट दाखवून म्हणाला. पुष्पाबाई उभ्या होत्या त्या भिंतीला टेकल्या.

मग मला पुकारलं.

त्याच वकिलानं कागद माझ्यासमोर धरला. "अक्षर तुमचं?"

"हो."

"बाई स्वतः आली होती? त्या तारखेला? तुमच्यासमोर अंगठा दिला?"

पुष्पाबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या तोंडावर केवढी आशा! त्यांना वाटत होतं, वावर गेलं तर गेलं, पण निवृत्तीभाऊ सांगतील की बाई आपल्या पायानं आली होती, हसत होती, तिनंच मागितलं. एवढंच सांगायचं होतं. ते खरंही होतं. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग दुसऱ्या साक्षीदाराची सही कशी आली? कोऱ्या कागदांवर सह्या घेता का? किती वर्षांपासून? असे किती कागद? मला माझा परवाना दिसला, लिंबाखालचं टेबल दिसलं, चौतीस वर्षांचे सगळे कागद दिसले.

"आठवत नाही साहेब," मी म्हटलं. "रोज पन्नास कागद लिहितो."

पुष्पाबाईंनी मान खाली घातली. बाहेर आल्यावर त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकल्या असत्या. त्या नुसत्या चपला घालत होत्या आणि त्यांना चप्पल सापडत नव्हती, समोर असून.

निकाल हरिओमच्या बाजूनं लागला. तीन एकर गेले, ते तर गेलेच. पण त्याच्याहून वाईट झालं ते नंतर. आमच्याकडे बातमी एसटीच्या आधी पोचते. 'सिस्टरनं बेशुद्ध बाईचा अंगठा घेतला' हे महिनाभरात चाळीस गावांत झालं. निकालात तसं कुठंही लिहिलेलं नाही, पण निकाल कोण वाचतो? वर्गणी मागायला गेलं की लोक दार लोटून घ्यायचे. एका गावात बाळंतिणीच्या सासूनं पुष्पाबाईंना उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. ड्रायव्हर बिलालनं तीन महिने फुकट गाडी चालवली, मग त्यालाही पोट आहे, तो खामगावला तेलाच्या मिलवर गेला. आता रुग्णवाहिका पुष्पाबाईंच्या दाराशी उभी असते, चाकं बसलेली. तानुबाईला आंबाखेडसाठी दुसरी गाडी पाहिजे होती. माझ्यामुळे होती ती पहिलीही बंद पडली.

वावर माझ्या चुकीनं गेलं असं म्हणता येईल. माणूस चुकतो. पण ही गाडी माझ्या भिण्यानं गेली, आणि भिताना मला नीट माहीत होतं की मी काय करतोय. तानुबाईचं हसणं, तिची पिशवी, अंगठ्याची शाई तिनं पदराला न पुसता लिंबाच्या खोडाला पुसली होती ते, सगळं मला कोर्टात उभं असताना लख्ख आठवत होतं.

उन्हाळ्यात हरिओम माझ्या टेबलापाशी आला. सोबत शेगावकडचं एक गिऱ्हाईक. सडकेचं वावर विकायला काढलं होतं.

"काका, खरेदीखत तुमच्याच हातचं पाह्यजे," हरिओम म्हणाला. "दुसऱ्या कोनावर भरोसा नाही."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, हे लक्षात घ्या. त्याला खरंच वाटत होतं की मी कोर्टात त्याची बाजू राखली. मी नाही म्हणू शकत होतो. लिंबाखाली आणखी सहा अर्जनवीस बसतात. पण नाही का, म्हणून विचारलं असतं तर काय सांगितलं असतं? मी चष्मा लावला आणि लिहायला घेतलं. गट नंबर, चतुःसीमा, पूर्वेस सडक, विहीर एक, इंजिनसह.

लिहून झाल्यावर मी मजकूर वाचून दाखवला. हरिओमनं कागदावर सही केली. मग उठला, टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आला, खाली वाकला आणि माझ्या दोन्ही पायांना हात लावले.

"तुमचे लय उपकार हायेत, काका," तो म्हणाला. "तुमी होता म्हणून वावर मले भेटलं."

आपल्याकडे कोणी पाया पडलं की हात आपोआप उठतो. माझाही उठला. त्याच्या डोक्यावर ठेवला आणि तोंडातून निघून गेलं, "सुखी राहा."