खवल्यांची सुरी

"आधी तेल जाळ. मधली तागाची दोरी ओढून काढ, मगच पीळ दे. तेलकट राहिला तर दोर जुळायचा नाही, कितीही ठोक."

ह्यांचा आवाज भाता चालू असताना मोठा, एरवी माझ्याहून हळू. फाल्गुनात हे गेले. तोवर आमच्या साकीनाक्याच्या भट्टीत सांडशी ह्यांच्या हातात आणि घण माझ्या. लोहाराच्या घरात बाईने घण मारावा, त्याला कोणाची ना नसते. सांडशी मात्र पुरुषाची. तापलेलं लोखंड धरतो तो मालक.

भंगारातला क्रेनचा पोलादी दोर तापवून, ठोकून त्याच्या तारा एकजीव करायच्या आणि त्यातून सुरी काढायची, हे आमचं काम. पातं घासून कोकमाच्या आगळात ठेवलं की तारांचे पीळ वर येतात, हुबेहूब माशाचे खवले. कोळणी ती सुरी हौसेने घ्यायच्या.

श्रावणातल्या एका रविवारी धाकटे दीर सहदेव भावोजी आले. शेड सासऱ्यांनी त्यांच्या नावावर केलेली.

"वहिनी, दुकानांची शटरं बनवणाऱ्याला ही जागा देतोय. मंगळवारी चावी मागतोय तो."

"मला भट्टी चालवायची आहे."

"आणि सांडशी कोण धरणार?"

"मी."

भावोजी हसले. "झकास! मग उद्या एक दोर जुळवून दाखव. जुळला तर शटरवाल्याला मी नाही सांगतो. पण थांब, उद्या सोमवार ना? तुझं मौन! मुक्या मालकिणीचा हुकूम घणकऱ्याला कळणार कसा?"

श्रावणी सोमवारी मी दिवेलागणीपर्यंत बोलत नाही. लग्नाआधीपासूनचं व्रत आहे. भट्टीसाठी ते मोडायचं नव्हतं आणि व्रतासाठी भट्टी सोडायची नव्हती.

सकाळी महादेवाला बेल वाहिला आणि कोळसा पेटवला. घण मारायला काशीरामला सांगून ठेवलं होतं. संपात गिरणी सुटल्यापासून तो मिळेल ते काम करायचा. माझ्या हातात सांडशी बघितली आणि त्याने घण भिंतीला टेकवला.

"बाईच्या सांडशीवर आपण नाय मारणार. धंद्याची वाट लागते. माफ कर वैनी."

तो गेला. दारात स्टुलावर बसलेले भावोजी म्हणाले, "चला, संपलं."

"संपलं कसं?" त्यांच्या मागून जयंती आत आली. त्यांची बायको, माझी जाऊ. तिने पदर खोचला. "मी मारते."

"तू? तुला मसाला कुटता येत नाही!"

"तुमच्या आईने कधी कुटू दिला? सरका."

दोर पिकल्या लिंबासारखा पिवळा झाला. तारा सांधायला वर टाकलेला टाकणखार वितळून चकाकला. मी तो ऐरणीवर धरला आणि जयंतीने इतक्या वर्षांचा राग एका घावात घातला. तारा झाडूसारख्या विस्कटल्या.

"बोल की वहिनी! सांग तिला, हळू मार म्हणून," भावोजी म्हणाले. "एक शब्द बोललीस तर महादेव काय रागावतो?"

शब्द ओठाशी आला होता. तिथेच ठेवला. दोर पुन्हा तापवून पीळ आवळला, टाकणखार टाकला, परत आगीत सरकवला. बाहेर काढला तेव्हा डाव्या हातात सांडशी होती, उजव्यात छोटी हातोडी. हातोडीने ऐरणीवर हलकंच टक् केलं आणि मग दोरावर, जिथे घाव हवा तिथे, तितकंच हलकं मारलं. जयंतीने माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी पुन्हा टक् केलं. ह्या वेळी घण तिथेच पडला, आणि तितकाच. मी जोर वाढवला, तिने वाढवला. मी हातोडी आडवी ठेवली, ती थांबली.

घण चालू असताना ह्यांनी तरी मला तोंडाने कधी काय सांगितलं होतं? हातोडीच बोलायची. भावोजी ह्याच भट्टीच्या धुरात वाढले, पण त्यांनी ते कधी ऐकलंच नसावं.

पुढच्या तापाला दोराची खुळखुळ गेली. घाव सलग वाजला.

"जुळला," जयंती धापा टाकत म्हणाली. "बघा की हो, जुळला!"

भावोजी उठले. "शटरवाल्याला नाही सांगतो. पण बाईच्या सांडशीची सुरी घेणार कोण, ते बघू."

आणि कोणी घेऊ नये ह्याची सोयही त्यांनीच केली. नारळी पुनवेनंतर होड्या समुद्रात गेल्या, तशी वेसाव्याची सुंदराबाई भट्टीत आली. अंधेरीच्या बाजारात तिचा शब्द चालतो.

"काय गो रुक्मिणी, तुजा दीर बाजारान सांगत फिरतो, तुजी सुरी अपशकुनी म्हणून. बाया बिचकल्यात." तिने नवी सुरी बोटावर तोलली, खवले उन्हात फिरवले. "मी आताच नेली तर म्हणतील, सुंदरीनं दया केली. तूच ये. समद्यांसमोर ठेव माज्या पाटावर, नि पयलं पापलेट तूच काप."

"शुक्रवारी येते," मी म्हटलं. "नक्की."

ती गेल्यावर जयंतीने माझा हात धरला. "ताई, श्रावण आहे! तू मासळीबाजारात? लोक तोंडात शेण घालतील."

"मासे खायचे नाहीत, हे माझं व्रत. बाजारात जायचं नाही, हे कोणाचं?"

शुक्रवारी पहाटे आंघोळ केली, रोजचा जप पुरा केला, तुळशीला पाणी घातलं. सुरी धुतलेल्या फडक्यात गुंडाळली. भावोजी ओट्यावर पेपर वाचत होते.

"कुठे निघालीस?"

"मासळीबाजारात."

पेपर खाली आला. मी चपला सरकवल्या आणि स्टेशनच्या रस्त्याला लागले.