अहवालांचा कप्पा

निवांतरावांनी अक्षरं आणखी दोन टप्पे मोठी केली, तेव्हा काळ्या पडद्यावर जेमतेम नऊ ओळी उरल्या.

"आता बघा, सर."

कोशकारांनी खुर्ची पुढे ओढली आणि पडदा सोडून शेजारच्या खिडकीकडे मान वळवली.

"दिसतंय," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "पण या पांढऱ्यात जरा पिवळं मिसळा. डोळ्यांत घुसतंय."

दीड वर्षापूर्वी त्यांच्या नजरेच्या बरोबर मधोमध डाग पडला होता. कडेचं सगळं दिसायचं, समोरचं तेवढं पुसलेलं. एखादी गोष्ट बघायची तर तिच्या शेजारी बघावं लागे. वहिनींनी हे दार उघडतानाच हळू आवाजात सांगितलं होतं म्हणून बरं. नाहीतर सरांना आपलं तोंडही बघायचं नाही, असंच निवांतराव समजून बसले असते. आणि तसं समजायला कारण होतं.

संस्थेच्या कॉम्प्युटर विभागात निवांतरावांची सव्वीस वर्षं गेली होती. कुणीही घाबऱ्याघुबऱ्या येऊन 'बंद पडलं हो' म्हणालं, की ते आधी 'निवांत राहा' म्हणत आणि मग उठत. हे नाव त्यांना कोशकारांनीच ठेवलं, आणि ते शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. कोशकार तेव्हा दुसऱ्या मजल्यावर सुतार, रंगारी, कुंभार, गवंडी अशा कारागिरांच्या तोंडच्या शब्दांचा कोश करत. दुपारचा डबा दोघं एकत्र खात. कोशकार एखादा नवा शब्द सांगत आणि निवांतराव त्याचा अर्थ हमखास चुकीचा ओळखत. अशी वर्षामागून वर्षं गेली.

मग चार वर्षांपूर्वी एका सकाळी संस्थेच्या मुख्य कॉम्प्युटरची डिस्क गेली, आणि तिच्याबरोबर कोशाचं चौदा महिन्यांचं काम गेलं. बॅकअप बघायला गेले तर तोही नव्हता. समितीच्या बैठकीत विचारणा झाली, तेव्हा जन्मात पहिल्यांदा निवांतराव घाबरले. "सरांनी नोंदी ठरलेल्या जागी ठेवल्या नव्हत्या," असं ते म्हणून गेले. एकच वाक्य. पण खापर फुटायला तेवढं पुरलं. समितीने कोश गुंडाळला आणि कोशकारांना फुलांचा गुच्छ, दोन भाषणं देऊन घरी पाठवलं. त्या बैठकीत त्यांनी तोंडातून ब्रही काढला नव्हता.

सात आठवड्यांनी निवांतरावांनी त्यांना मेल लिहिली. काहीही हातचं न राखता लिहिली. उत्तराची आठवडाभर वाट पाहिली, मग महिनाभर, मग वर्षभर. पुढे त्यांनी मनाची समजूत घातली की उत्तर न येणं हेच उत्तर आहे, आणि ते आपल्या लायकीचंच आहे. बाजारात जायला ही गल्ली जवळची होती, तरी ते लांबून वळसा घालून जात.

आणि परवा वहिनींचा फोन आला. "भाऊजी, ह्यांना न विचारता फोन करतेय. नवा कॉम्प्युटर आणलाय, पण त्यात ह्यांचं ते काळ्या पडद्याचं मेलचं काहीतरी चालत नाही. नव्या पद्धतीचं ह्यांना दिसत नाही. तो बाण कुठे गेला, तो बाण कुठे गेला म्हणून चिडतात. आठ दिवस झाले, घरात धड बोलत नाहीत. तुम्हीच बसवून दिलं होतं ना ते?"

बसवून त्यांनीच दिलं होतं. वीस वर्षांपूर्वी. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, माऊस नाही. नुसती अक्षरं. 'जे' दाबला की खालची मेल, 'के' दाबला की वरची, 'आर' दाबला की उत्तर. कोशकारांना ते इतकं आवडलं होतं, की मेल वाचताना ते कीबोर्डकडे बघतच नसत.

"बोटांना अजून दिसतं," ते आता म्हणाले. "बिघडतं ते लिहिताना. मागच्या महिन्यात भाचीला पत्र लिहीत होतो. लिहितोय लिहितोय, आणि शेवटी बायको म्हणते, अहो, इथे काहीच नाही."

"एडिटरला तुम्ही 'आता लिहितोय' असं सांगितलं नसणार. तुमची अक्षरं त्याने हुकूम समजून पाळली. पुसलं असणार सगळं."

"खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहून येतं ते. आता कुठला कोपरा नि काय!"

निवांतराव थोडा वेळ विचारात पडले. मग त्यांनी एडिटरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये चार ओळी टाकल्या. आता लिहिण्याच्या वेळी अख्खा पडदा गर्द निळा होई आणि हुकुमाच्या वेळी काळा. रंग ओळखायला मधली नजर लागत नाही, कडेची पुरते. कोशकारांनी दोन्ही पडदे पाच-सहा वेळा आलटून पालटून पाहिले, नवं खेळणं मिळालेल्या पोरासारखं.

"हे बरं केलंत," ते म्हणाले. आणि जरासे हसले. गप्पा मात्र कामापुरत्याच चालल्या होत्या. बैठकीचं नाव दोघांपैकी कुणीही काढत नव्हतं.

राहिली मेलची सेटिंग. कोशकारांबरोबर संस्थेतून घरी आलेल्या जुन्या कॉम्प्युटरमधली ती फाइल वहिनींनी सगळ्या मेलसकट पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली होती. नव्या कॉम्प्युटरला तिच्यातल्या काही ओळी समजत नव्हत्या, म्हणून निवांतराव एकेक ओळ वाचून दुरुस्त करत खाली उतरू लागले. आपलंच वीस वर्षांपूर्वीचं काम वाचताना त्यांना गंमत वाटत होती. कुठे काय आणि का केलं, ते त्यांनी प्रत्येक ओळीच्या डोक्यावर लिहून ठेवलं होतं. 'सरांना घंटी नको.' 'भाचीची पत्रं सगळ्यात वर.' तरुणपणी माणूस किती नीटनेटका असतो!

त्रेचाळिसाव्या ओळीवर त्यांचा हात थांबला.

'या पत्त्यावरून फक्त बॅकअपचे अहवाल येतात. परस्पर अहवालांच्या कप्प्यात टाकावेत. कप्पा यादीत दाखवू नये. सरांना त्रास नको.'

खाली पत्ता होता. निवांतरावांचा स्वतःचा.

त्यांना सगळं आठवलं. संस्थेच्या नियमाप्रमाणे बॅकअपचा अहवाल रोज सकाळी सहाला कोशकारांना जाई, तो निवांतरावांच्या पत्त्यावरून. आठवडाभरात कोशकार वैतागून खाली आले होते. "तुमचं यंत्र मला रोज सकाळी नमस्कार घालतं. त्याला आवरा." निवांतरावांनी तिथल्या तिथे हा नियम लिहून दिला होता. ते स्वतः कोशकारांना कधी मेल करतील, हे तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं. एका मजल्याचं तर अंतर. काही सांगायचं असलं तर ते जिना चढून जात.

त्यांनी कप्पा उघडला. हजारो ओळी. 'बॅकअप पूर्ण', 'बॅकअप पूर्ण', 'बॅकअप पूर्ण'. शेवटाकडे अकरा दिवस 'बॅकअप अपूर्ण'. नवा बॅकअप जुन्यावरच लिहिला जाई, म्हणून आधीची पूर्ण प्रतही उरली नव्हती. या अकरांच्या प्रती त्यांनाही आल्या होत्या, आणि त्यांनी त्या न उघडताच पुसल्या होत्या. हजार वेळा 'पूर्ण' वाचलेला माणूस पुढचं कशाला वाचतो?

आणि सगळ्यात खाली एक ओळ वेगळी. विषय: 'सर, चूक माझी होती.' तिच्या अलीकडे न उघडलेल्या मेलची खूण.

चार वर्षं ज्या मौनाला निवांतराव शिक्षा समजत होते, ते मौन नव्हतंच. सरांना काही मिळालंच नव्हतं. सर इथे बसून वाट बघत होते की हा माणूस कधीतरी एक शब्द बोलेल, आणि दार यानेच आपल्या हाताने लावून घेतलं होतं, तेही त्यांना त्रास नको म्हणून.

त्यांचं बोट कुठल्या अक्षरावर आहे, हे त्यांना उशिरा कळलं. 'डी'. एकदा दाबला की मेल गेली. शेजारी बसलेल्या माणसाला पडद्याच्या मधलं दिसत नव्हतं. आता कुठे चार शब्द सरळ बोलणं झालं होतं. पडदा निळा झाल्यावर ते हसले होते. जुनी जखम पुन्हा कशाला उकरायची? काम संपवावं, चहा घ्यावा, निघावं. अधूनमधून येत राहावं. असं मनात आलं, आणि ते मनात आल्याची त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"का थांबलात?" कोशकारांनी विचारलं. "अडलं का काही?"

निवांतरावांनी बोट उचललं.

"सर, तुम्हाला आलेली एक मेल आहे. चार वर्षांपूर्वीची. माझी. माझ्याच एका नियमाने ती अहवालांत गेली. तुम्ही ती पाहिलेली नाही. मी... मी वाचून दाखवू का?"

कोशकारांनी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"नको," ते म्हणाले. "मला आलेली आहे ना? मग मी वाचतो. उघडा."

निवांतरावांनी मेल उघडली. नऊ ओळी पडद्यावर आल्या.

'सर, मी बैठकीत बोललो ते खोटं होतं. तुम्ही नोंदी योग्य जागीच ठेवल्या होत्या. बॅकअप अकरा दिवस बंद होता आणि मी पाहिलं नाही. मी घाबरलो. संचालकांना मी आज हेच लेखी दिलं आहे. त्यांनी कागद ठेवून घेतला आणि आता उपयोग नाही म्हणाले...'

वाचायचं म्हणून कोशकारांनी मान वळवली, पण या वेळी उजवीकडे. तिकडे निवांतराव बसले होते. त्यामुळे त्यांची नजर थेट निवांतरावांच्या तोंडावर आली आणि तिथेच राहिली. ते वाचत होते पडद्यावरचं, पण डोळे रोखलेले होते या माणसावर. मधे मधे बोटाने स्पेसबार दाबत, पान पुढे सरकवत. निवांतरावांना ना उठून जाता येत होतं, ना खाली बघता येत होतं. आपण सरांना दिसतोय की नाही, तेही कळेना. चार पडदे झाले. त्यांना ते चार तास वाटले.

वाचून झालं. कोशकारांनी मान सरळ केली.

"नोंदी मी योग्य जागी ठेवल्या होत्या, हे मला माहीत होतं," ते सावकाश म्हणाले. "बॅकअप तुम्ही पाहिला नसणार, तेही त्याच आठवड्यात लक्षात आलं. माणूस आहे, राहून जातं. मला एवढंच कळत नव्हतं, की हे तुम्हाला तरी माहीत आहे का. का आपण खरं बोललो असंच तुम्ही मानून चाललाय. ते जास्त लागत होतं हो."

निवांतरावांचे डोळे भरून आले. ते काहीतरी बोलायला गेले.

"तुम्ही आत जाऊन बसा," कोशकार मधेच म्हणाले. "मला उत्तर लिहायचंय. समोर माणूस बसलेला असला की मला लिहिता येत नाही."

स्वयंपाकघरात वहिनींनी चहा ओतला. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. बाहेरून कीबोर्डची खडखड ऐकू येत होती, थांबत, पुन्हा सुरू होत. मधेच कोशकार स्वतःशीच "निळा, निळा," असं म्हणाले. वहिनी कान देऊन ऐकत होत्या.

"बऱ्याच दिवसांनी टाइप करतायत," त्या म्हणाल्या.

चहा निवत आला, तरी निवांतरावांनी कप उचलला नव्हता. मग त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी चष्मा पुसून घातला आणि मेल उघडली.

'आपलं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, क्षमस्व.

कोशाचे शब्द लिहिलेली कच्ची कार्डं घरी आहेत, अकरा पेट्या. डिस्कबरोबर गेले ते अर्थ. त्यातले बरेचसे माझ्या डोक्यात आहेत, पण कार्डांवरचं अक्षर आता मला दिसत नाही. हिला माझं अक्षर लागत नाही. तुम्हाला लागतं. तुम्ही शब्द वाचा, मी अर्थ सांगेन. तुम्ही अर्थ ओळखायच्या भानगडीत पडू नये.

शनिवारी-रविवारी सकाळी दहा ते एक. उद्यापासूनच या. बॅकअप मी घेईन.'

निवांतरावांनी मेल दोनदा वाचली. मग फोन टेबलावर पालथा ठेवला, थंड झालेला चहा एका दमात पिऊन टाकला आणि कप विसळायला उठले. वहिनींनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"झालं का हो काम, भाऊजी?"

"नाही, वहिनी," निवांतराव म्हणाले. "उद्या दहाला यायचंय."