काचेआडचा चुना

माझा नवरा रसायनशास्त्राचा मास्तर आणि माझा दादा गवंडी. दोघं एकाच तंत्रशाळेत शिकवतात, दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य आहे, आणि दोघांनाही भांडण झालं की आधी माझ्याकडे यायचं असतं. मी काचेचं आणि रंगाचं दुकान चालवते, कोर्ट नाही, हे कितीदा सांगितलं. पण ऐकतील तर शपथ.

दादाचं आधी सांगते. परांचीवरून पडला आणि त्याचा गुडघा कायमचा गेला. उंचावरचं काम संपलं. मग आमच्या ह्यांनीच शाळेत शब्द टाकला आणि दादाला गवंडीकामाचा वर्ग मिळाला. त्या वर्गानं तो पुन्हा माणसात आला. त्याआधीचे दिवस मी पाहिलेत. दिवसभर आमच्या खिडकीत बसायचा आणि समोरच्या घरांच्या प्लास्टरला नावं ठेवायचा, शेजारी ऐकत असले तरी.

आणि आता हाच वर्ग बंद व्हायला निघाला होता. शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या, सगळे त्यांना मॅडम म्हणतात. त्यांना वर्गातली वाळू, चुना, सिमेंटची धूळ काही पटेना. "हे सगळं पडद्यावर दाखवता येतं की," त्या म्हणाल्या. "ती खोली मला कॉम्प्युटरला हवी आहे." सत्र संपलं की कुलूप. दादानं मान डोलावली, घरी आला आणि खिडकीत जाऊन बसला.

तेव्हा आमचे हे पुढे सरसावले. मॅडमना म्हणाले, "एकदा बघून तरी घ्या, मग ठरवा." मॅडमनी होकार दिला आणि ह्यांच्या अंगात आलं. शाळेच्या मोठ्या दालनात एक भिंत उभी करायची. एका टोकाला माती, मग जिप्सम, मग चुना, मग चुना आणि विटांची भुकटी, आणि शेवटी सिमेंट. "माणसाची भट्टी जसजशी जास्त तापत गेली, तसतशी त्याची भिंत बदलत गेली," असं हे जेवताना सांगायचे, हातवारे करून. जिप्समला थोडी आच पुरते, म्हणून ते आधी जमलं. चुनखडी भाजायला मोठा जाळ लागतो. आणि चुनखडीत चिकणमाती घालून ती पार वितळायला येईपर्यंत भाजायची, तेव्हा कुठे सिमेंट. एवढं शिकायला माणसाला हजारो वर्षं लागली. मला शिकायला एक आठवडा लागला, कारण ताट वाढल्यावर उठून जाता येत नाही.

भिंत दादानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी बांधली. हे बाजूला उभे राहून सूचना देत होते.

"मेहुणे, जिप्सम जरा पातळ वाटतंय."

"जावईबापू, तुम्ही समीकरण पातळ करा, जिप्सम माझ्यावर सोडा."

असं सगळं चाललं होतं. पण चुन्याचा थर दादानं असा ओढला की हेसुद्धा गप्प झाले. गुळगुळीत, सायीसारखा. दादा स्वतःच त्याच्याकडे बघत बसला. म्हणाला, "ह्याला कुणी बोट लावलं तर बघा." आणि आमच्या ह्यांना धुळीचं वावडं. घरात टेबलावर धुळीचा कण दिसला तर सगळं घर डोक्यावर घेतात. मग काय, आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. भिंतीला काचेची पेटी करायची. काच कुणाची, तर माझ्या दुकानातली. काचेच्या फटींत लांबी भरायला माझाच माणूस. ह्यांनी प्रत्येक फट बोटानं तपासली, कुठेही हवा जायला जागा नको म्हणून. मीही कौतुकानं बघत होते. आमच्या तिघांच्या अकलेची बेरीज त्या दिवशी शून्य होती, एवढं सांगते.

मधे एकदा मी काच पुसायला गेले तर ती धुकटलेली. बाहेरून पुसून जाईना. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "दमट हवा आहे." मी म्हटलं असेल. एवढ्या शिकलेल्या माणसाशी वाद कोण घालणार.

मॅडम आल्या त्या दिवशी वर्गातली सगळी मुलंमुली भिंतीशी जमली होती. दादानं धुतलेला सदरा घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून, आणि एका पायावर भार देऊन उभा होता. ह्यांनी भट्टीपासून सुरुवात केली. मॅडमनी ऐकून घेतलं, घड्याळ पाहिलं आणि चुन्यासमोर थांबल्या.

"हा खरंच दगडासारखा होतो?"

"होतो तर," हे म्हणाले. "चुना हवेतला वायू ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. जिथून निघाला तिथेच परत. वाजवून बघा ना."

दोघांनी ऐटीत काच काढली. मॅडमनी बोटानं टकटक करायला हात पुढे केला. टक नाही आणि टुक नाही. बोट आत गेलं, पेरापर्यंत.

मॅडमनी बोट बाहेर काढलं आणि त्याकडे पाहत राहिल्या. मी दादाकडे पाहिलं. त्याचा चेहरा त्या चुन्याइतकाच पांढरा झाला होता. संपलं, मला वाटलं. आता हा जन्मभर माझ्या खिडकीत बसणार.

मग दादा हळूच म्हणाला, "हवा."

"हवा," हे म्हणाले, आणि मटकन बाकावर बसले.

"अहो जावईबापू, हवा ओढतो म्हणून आत्ता सांगितलंत ना? मग पेटी का बंद केलीत?"

"मी केली? बोट लावलं तर बघा, असं कोण म्हणालं? जन्म गेला तुमचा चुना लावण्यात, मेहुणे, तुम्हाला एका शब्दानं सांगता आलं नाही?"

"तुम्ही सांगू दिलंत कधी?"

दोघं लहान मुलांसारखे भांडायला लागले, मॅडमच्या पुढ्यात. मी डोळ्यांनी दटावत होते, पण बघतंय कोण. त्यात विद्यार्थीही घुसले. एक मुलगी म्हणाली, मग शेजारचं सिमेंट कसं घट्ट झालं, तेही पेटीतच होतं. दुसरा म्हणाला, सिमेंटला हवा लागतेय कुठे, त्याला पाणी लागतं, ते पाण्याखालीसुद्धा घट्ट होतं. तिसरीनं विटांच्या भुकटीचा थर नखानं खरवडून पाहिला आणि ओरडली की हा बऱ्यापैकी धरलाय, म्हणजे भुकटीमुळेच. दालनात नुसता गोंधळ. मॅडमना वाटेल काय, ह्या विचारानं मला घाम फुटला.

मॅडम मात्र चुना चिमटीत धरून चोळत होत्या. "हे समीकरण मी परीक्षेत लिहिलंय," त्या म्हणाल्या. "मार्कही पूर्ण मिळाले होते. भिंतीला श्वास लागतो हे आज कळतंय." मग दादाकडे वळल्या. "आता काच काढलीत. किती दिवसांत होईल हा दगड?"

हे दादाकडे टकामका बघायला लागले. मीही मनात म्हटलं, दादा, एकदा खोटं बोल. आठवडा सांग आणि मोकळा हो. पण चुन्याच्या बाबतीत दादा खोटं बोलेल तर तो दादा कसला.

"वरची साल महिन्याभरात," तो म्हणाला. "पण थर जाड आहे. आतपर्यंत दगड व्हायला वर्षानुवर्षं लागतात, मॅडम. मी असेपर्यंत होईल असं वाटत नाही."

ह्यांनी कपाळाला हात लावला.

मॅडमनी रुमालानं बोट पुसलं. "मग होईपर्यंत वर्ग चालू ठेवा," त्या म्हणाल्या. "कॉम्प्युटरला मी दुसरी खोली बघते. अर्धं काम टाकून जाणारा गवंडी मला चालणार नाही."

एवढं बोलून त्या गेल्यासुद्धा. दादा तसाच उभा होता, एका पायावर. मला तर रडूच आलं, मी ते लपवलंही नाही. आमचे हे उठले, दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "बघ, तुझ्या भावाला जन्माची नोकरी लागली, आणि तीसुद्धा माझ्या चुकीमुळे."

"आपल्या," दादा म्हणाला.