तिमाहीचा मसुदा

"घसरण" काढून तिथे "मंदावलेली मागणी" घाला, असं साहेबांनी सांगितलं, तेव्हा त्याने मान डोलावली आणि शब्द बदलला. सकाळपासूनचा हा चौथा बदल होता. चिप बनवणाऱ्या त्या कंपनीत एकोणीस वर्षं तो दर तिमाहीच्या निकालांचं निवेदन लिहीत आला होता. चांगल्या बातमीला दोन ओळी पुरतात, वाईट बातमीला दोन पानं लागतात, एवढं त्याला कळून चुकलं होतं.

या वेळची वाईट बातमी डेटा सेंटरच्या चिपची होती. मोठ्या गिऱ्हाइकांनी हात आखडता घेतला होता. मसुद्याच्या तिसऱ्या पानावर, बऱ्याच जड शब्दांच्या आड, त्या चिपचा तपासणी विभाग बंद होणार असल्याचं वाक्य होतं. उद्या सकाळी निकाल जाहीर होईपर्यंत ते घरातसुद्धा बोलायचं नाही, अशी त्याची सही घेतलेली होती.

त्याच विभागात त्याची ताई होती. आई गेल्यावर शाळा सोडून ती या कारखान्यात लागली आणि याला शिकवलं.

दुपारी कॅन्टीनमध्ये ती त्याच्यासमोर येऊन बसली. दुसऱ्या कारखान्यातून तिला बोलावणं आलं होतं. काम हेच, पण बसने दीड तास. संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. गुडघे कुरकुरतात, या वयात नवी माणसं नकोशी वाटतात, असं ती बराच वेळ सांगत राहिली. तो खाली मान घालून जेवत राहिला.

"आमच्याकडचं काही तुझ्या कानावर आलंय का रे?"

"ऑफिसचं बोलता येत नाही मला, ताई."

"नको बोलूस." ती जराशी हसली. "तसं काही असतं तर तू राहिला नसतास सांगितल्याशिवाय."

ती उठून गेली. तिच्यामागे तो दारापर्यंत गेला. तेवढ्यात साहेबांचा फोन आला आणि तो वर परतला. संध्याकाळी तिने नकार कळवून टाकला.

दुसऱ्या दिवशी निकाल जाहीर झाले. तासाभराने तो तपासणी विभागात गेला. बायका घोळक्याने उभ्या होत्या. ताई निवेदनाचा कागद घेऊन बाहेर आली.

"हे 'क्षमतेची फेररचना' म्हणजे आम्हीच ना?"

"हो."

"तू लिहिलंस?"

"हो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. आवाज चढला नाही.

"मग काल माझ्यासमोर बसून जेवलास कसा?"

तिने कागदाची घडी घालून त्याच्या हातात दिली.

"अर्धा ट्रे राहिलाय माझा," ती म्हणाली आणि डोक्यावरची टोपी सारखी करत आत गेली.

त्या चिप आता कुणी मागणार नव्हतं. तरी दिव्याखाली ती एकेक चिप चिमट्याने उचलत होती, चारही कडा बघत होती आणि परत खाचेत ठेवत होती. घाई नव्हती, रेंगाळणं नव्हतं. तो काचेबाहेर उभा राहिला. ट्रे संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.